ठेवायचं की उपटायचं? बागेतलं अनोळखी रोप तण आहे का, हे ओळखण्याची पद्धत

वाफ्यात आपण न लावलेलं रोप दिसलं की बहुतेक जण ते लगेच उपटतात, नाहीतर "बघू काय निघतंय" म्हणून तसंच सोडून देतात. दोन्हींत नुकसान होऊ शकतं. घाईने उपटताना आपोआप उगवलेला झेंडू, सदाफुली किंवा टोमॅटो हातचा जातो. आणि सोडून दिलेलं रोप गाजरगवताचं निघालं, तर ते महिना-दीड महिन्यात फुलावर येऊ शकतं. त्याच्या एका चांगल्या वाढलेल्या झाडाला 15 ते 25 हजार बिया धरतात. म्हणून नियम एवढाच ठेवा: ओळख पटेपर्यंत रोप राहू द्या, पण त्याला बी धरू देऊ नका. पहिली कळी दिसेपर्यंतचा वेळ तुमचा आहे, त्यानंतर निर्णय झालाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, नाव कळलं नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. रोप तण ठरतं ते तीन गोष्टींवर: ते किती झपाट्याने पसरतं, कशाने पसरतं (बियांनी, वेलीसारख्या धावत्या फांद्यांनी की जमिनीखालच्या गाठींनी) आणि शेजारच्या रोपाचं पाणी, ऊन, जागा खातं का. या तिन्हींची उत्तरं नाव माहीत नसतानाही रोपावरच वाचता येतात.

आधी जागा बघा

रोपाला हात लावण्याआधी दोन पावलं मागे या आणि ते कुठे, किती संख्येने आणि कशा मांडणीत उगवलंय ते पाहा. तुम्ही ओळीत बी पेरलं असेल आणि रोपं ओळीत असतील, तर ती बहुधा पेरलेलीच आहेत. तीच रोपं ओळीत, दोन ओळींच्या मध्ये आणि वाफ्याच्या कडेलाही सारखीच दाट असतील, तर ते मातीतलंच बी आहे. नवी माती किंवा शेणखत घातल्यावर दोन-तीन आठवड्यांत एकाच प्रकारची शेकडो रोपं वर आली, तर बी त्या खतातून आलंय. कुंपणाखाली, तारेखाली किंवा मोठ्या झाडाच्या फांद्यांखाली एकटंदुकटं रोप आलं, तर ते पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेलं असण्याचा संभव जास्त. वड, पिंपळ, कडुनिंब, घाणेरी अशीच येतात. गेल्या वर्षी झेंडू किंवा तुळस जिथे होती त्याच्या हातभर परिघात आलेल्या रोपांकडे मात्र जरा मायेने बघा, ती त्यांचीच पिल्लं असू शकतात.

गुलाब, लिंबू, आंबा यांच्या कलमांच्या बुडाशी आलेली फूट हे एक वेगळंच प्रकरण आहे. पानं वेगळी दिसतात म्हणून लोक तिला नवं रोप समजतात. बुडाची माती बोटाने बाजूला करा आणि फूट कुठून निघालीय ते शोधा. डोळा भरलेल्या किंवा कलम बांधलेल्या जागेच्या खालून निघाली असेल, तर तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाचा, फुटवा आहे. ते तण नव्हे, पण ठेवला तर हळूहळू मूळ कलमालाच मारतो. गुलाबात सात पानांची ती रानटी आणि पाच पानांची ती खरी, असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका, कारण चांगल्या जातींतही सात पर्णिका (एका पानाचे छोटे पानासारखे भाग) येतात. फूट कुठून निघाली हीच खरी खूण. असा फुटवा कात्रीने कापला की बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा तीन-चार येतात. तो उगमाशी धरून खाली ओढत फाडून काढा, म्हणजे डोळेही निघतात.

पहिली पानं काय सांगतात

बीतून सर्वांत आधी येतात ती बीजपत्रं. ती साधी, गुळगुळीत कडांची असतात आणि खऱ्या पानांशी त्यांचं साम्य नसतं. बीजपत्र एकच निघालं तर रोप गवत, लव्हाळा, कांदा, लिली यांच्या गटातलं. दोन निघाली तर रुंद पानांच्या गटातलं. ओळख मात्र खऱ्या पानांच्या किमान दोन जोड्या आल्यावरच करा, त्याआधीचा अंदाज फार चुकतो.

इथे एक खूण फारच कामाची आहे आणि बरेच जण ती पाहत नाहीत. जमिनीतून वर आलेल्या कोंबाला बीजपत्रं अजिबातच नसतील, पहिल्या दिवसापासून खोड जाडसर आणि पानं मोठी असतील, तर तो कोंब बियाचा नाही. तो जमिनीखाली राहिलेल्या मुळातून, कंदातून किंवा गाठीतून आलाय. म्हणजे खाली साठा आहे, आणि वरून उपटून काही होणार नाही. चांदवेल अशीच येते. तिची मुळं जमिनीत काही मीटर खोल जातात आणि तुटलेला तुकडाही फुटतो. अपवाद वाटाण्यासारख्या बियांचा: त्यांची बीजपत्रं मातीतच राहतात. शंका आली तर कोंबाच्या बाजूने बोटभर माती काढा, खाली दाणा सापडला तर प्रश्न मिटला.

गवत आहे की लव्हाळा?

लांब पातीचं रोप असेल तर त्याचं खोड बुडाशी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. गोल फिरलं, मध्ये पोकळ असलं आणि त्यावर फुगीर पेरं लागली, तर गवत. तीन कडा बोटाला टोचल्या, खोड भरीव लागलं, तर लव्हाळा किंवा त्याचा भाऊबंद. वरून बघितलं तर गवताची पानं दोन दिशांना निघतात, लव्हाळ्याची तीन दिशांना. हिरवळीत तो ओळखणं आणखी सोपं आहे. कापणी झाल्यावर दोन-तीन दिवसांत बाकी गवताच्या वर पिवळसर हिरवी, चकचकीत पाती उभी दिसतात, ती त्याचीच.

हा फरक केवळ नावापुरता नाही. लव्हाळ्याच्या खाली तारेसारख्या बारीक दुव्यांनी जोडलेल्या गाठींची माळ असते. कोवळ्या गाठी पांढऱ्या, जून झाल्या की काळपट तपकिरी, आणि फोडली की सुगंध येतो. बहुतेक गाठी वरच्या 15 सेंटिमीटर मातीत असतात. पाती धरून ओढली की दुवा तुटतो आणि गाठी खालीच राहतात. त्याहून वाईट म्हणजे माळ अखंड असताना बऱ्याच गाठी झोपलेल्या असतात. माळ तुटली की प्रत्येक सुटी गाठ स्वतंत्रपणे फुटते. खुरपीने नुसतं खरवडून लव्हाळा वाढतो अशी जी तक्रार असते, तिचं कारण हेच.

हरळीची गत निराळी. ती जमिनीवरून धावते आणि जमिनीखालूनही. वरच्या धावत्या फांदीला प्रत्येक पेरावर मुळं फुटतात, आणि खालचे फाटे पांढरे, टोकदार, खवल्यांनी झाकलेले असतात. एका पेराचा तुकडा राहिला तरी पुन्हा झाड होतं.

देठ, रस, वास

रुंद पानांच्या रोपात पानांची मांडणी पाहा: समोरासमोर जोडीने, एकाआड एक, की भुईला चिकटून गोल झुपक्यात. मग पानाच्या कडा, लव आणि देठ. मग एक पान तोडून रस येतो का ते बघा. दुधासारखा चीक नायटीला येतो, पाथरीला येतो, तसा अंजिराला आणि चाफ्यालाही येतो. त्यामुळे चीक म्हणजे तण, असं होत नाही. चीक फक्त शोधाचं वर्तुळ लहान करतो. नायटीच्या कुळातला चीक डोळ्याला गेला तर जबर आग होते, तेव्हा हात धुतल्याशिवाय तोंडाला, डोळ्याला लावू नका.

पान चुरगळून वास घ्यायला हरकत नाही, चव मात्र कधीही घेऊ नका. धोत्र्याचं कोवळं रोप वांग्याच्या किंवा मिरचीच्या वाफ्यात सहज मिसळून जातं आणि त्याचा प्रत्येक भाग विषारी असतो. गाजरगवताच्या संपर्काने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. अनोळखी रोपाला पहिल्यांदा हात लावताना हातमोजे घालाच.

चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि चुरगळल्यावर वास, असं असेल तर रोप तुळस-पुदिन्याच्या कुळातलं असण्याची शक्यता मोठी. पण रानतुळसही त्याच कुळातली आहे. तिचं पान हाताला खरखरीत, लवदार लागतं आणि वास उग्र असतो. तुळशीशेजारी दोन्हींची पानं एकामागून एक हुंगली की नाकाला फरक लगेच कळतो.

हुबेहूब दिसणाऱ्या जोड्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

झेंडू आणि गाजरगवत. दोघांचीही पानं कातरलेली. झेंडूचं रोप पहिल्यापासून उभं वाढतं, खालची पानं समोरासमोर असतात, खोडाला बऱ्याचदा लालसर झाक असते. त्याची पर्णिका उजेडासमोर धरा: कडेच्या आत बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत आणि झेंडूचा ओळखीचा वास त्यांतूनच येतो. गाजरगवत आधी जमिनीला चिकटून गोल पसरतं, मग मधून खोड काढतं. पान फिकट राखाडी हिरवं, मऊ लवेचं, त्यावर हे ठिपके नसतात. शेवंतीशीही त्याची गल्लत होते. शेवंतीचं पान जाडसर असतं, चुरगळलं की शेवंतीचाच वास येतो.

कोथिंबीर, गाजर आणि गाजरगवत ही गल्लत रोप अगदी लहान असताना होते. बीजपत्रं पाहा. गाजराची बीजपत्रं गवताच्या पात्यासारखी लांब अरुंद, कोथिंबिरीची लांबट पट्टीसारखी, तर गाजरगवताची आखूड आणि रुंद.

घोळ, चिनीगुलाब आणि सपाट पसरणारी नायटी. घोळीची पानं चमच्याच्या आकाराची, मांसल, खोड लालसर आणि रसरशीत. चिनीगुलाबाची पानं गोलसर सुईसारखी, आणि पानाच्या बुडाशी पांढऱ्या केसांचे झुबके. नायटीची पानं पातळ, समोरासमोर, खोड तारेसारखं, तोडलं की दूध. घोळ उपटून वाफ्यातच टाकली तर खोडातल्या पाण्यावर ती कित्येक दिवस जिवंत राहते, पुन्हा मुळं धरते आणि पडल्या पडल्या बीही पिकवते.

मिरची, कामोणी आणि चिरबोटी. ही जोडी खरंच अवघड आहे. मिरचीचं पान गुळगुळीत, चकचकीत, सलग कडेचं. कामोणीचं पान किंचित लवदार, कडा नागमोडी, खोडावर जांभळट झाक. चिरबोटीचं पान मिरचीच्या इतकं जवळ जातं की कळीची वाट पाहिलेली बरी. मिरचीचं फूल पानाच्या बेचक्यात येतं. कामोणीची छोटी पांढरी फुलं घोसाने येतात आणि घोसाचा देठ बेचक्यातून न निघता दोन पानांमधल्या कांड्यातून निघतो. चिरबोटीचं फूल फिकट पिवळं असतं आणि पुढे फळाभोवती कागदी कंदील तयार होतो.

मेथी आणि आंबुटी. दोघींनाही तीन-तीन पर्णिका. आंबुटीची पर्णिका बदामी आकाराची, टोकाला खाच असलेली, आणि संध्याकाळी मधल्या शिरेवर मिटते. मेथीची पर्णिका लांबट गोल, टोकाशी बारीक दाते. आंबुटीच्या शेंगा उभ्या असतात, पिकल्या की नुसत्या स्पर्शाने फुटून बी दूर उडतं. म्हणून शेंगा आलेलं रोप हलवण्याआधी त्यावर ओलं फडकं टाका.

लावलेला माठ आणि काटेमाठ यांत फरक पानात शोधू नका. पानाच्या बेचक्यात काट्यांची जोडी असेल तर काटेमाठ. चाकवताच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरं पिठूळ असतं, बोटाने पुसलं की निघतं. आणि पान नसलेला पिवळा दोरा झाडांना विळखा घालून बसलेला दिसला तर तपासत बसू नका. ती अमरवेल आहे. यजमान झाडाची विळखा पडलेली फांदी वेलीसकट कापा, कारण चिकटलेला तुकडा राहिला की ती पुन्हा वाढते.

एक रोप खणून बघा

एकाच प्रकारची बरीच रोपं असतील तर त्यांतलं एक बळी द्यावंच लागतं. माती आदल्या दिवशी ओली करा. रोपापासून चार बोटं लांब खुरपी उभी रोवा, 15 ते 20 सेंटिमीटर खोल जा आणि मातीच्या गड्ड्यासकट रोप उचला. गड्डा पाण्याच्या बादलीत हलवून माती सोडवा. झटकून काढली तर बारीक दुवे तुटतात, आणि तेच तर बघायचे आहेत. एकच सरळ सोटमूळ किंवा मुळांचा साधा झुपका दिसला तर रोप बियांवर जगणारं आहे, फुलण्याआधी काढलं की संपलं. गाठी, पांढरे टोकदार फाटे किंवा शेजारच्या रोपाला जोडणारी आडवी खोडं दिसली तर ते बारमाही आणि चिवट आहे. त्याचं नाव काहीही असो, वाफ्यात ठेवू नका. केना इथे जरा फसवतो: त्याची निळी फुलं वर दिसतात, पण तो जमिनीखालीही न उघडणारी पांढरट फुलं काढून बी धरतो.

तरीही कळलं नाही तर

त्यातलं एक निरोगी रोप 15 सेंटिमीटरच्या कुंडीत लावा, कुंडी वाफ्यापासून वेगळी आणि खाली थाळी ठेवून ठेवा, म्हणजे मुळं जमिनीत उतरणार नाहीत. वाफ्यातली बाकीची काढून टाका. कुंडीतलं एक फुलेपर्यंत वाढू द्या, ओळख पटली की ठरवा. आणि पुढच्या वेळी बी पेरताना त्यातलेच पाच-सहा दाणे स्वच्छ, विकतच्या मिश्रणाच्या कुंडीत पेरून त्यावर नाव आणि तारीख लिहा. वाफ्यातली रोपं त्या कुंडीशी ताडून पाहणं, यापेक्षा खात्रीची पद्धत दुसरी नाही.

फोनवरची प्लांटनेट, आयनॅचरॅलिस्ट, गूगल लेन्स अशी साधनं उपयोगी आहेत, पण लहान रोपांवर ती वारंवार चुकतात, कारण त्यांच्याकडे फुललेल्या झाडांचे फोटो जास्त असतात. एकाच फोटोवर थांबू नका: अख्खं रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान खोडाला जिथे जुळतं ती जागा, आणि फूल किंवा कळी. शेजारी मोजपट्टी ठेवा. मागे पांढरा कागद धरला तर मागची हिरवळ फोटोत मिसळत नाही. उत्तर आलं की त्या नावाच्या रोपाची देठ, लव, चीक ही लक्षणं तुमच्या रोपाशी जुळतात का ते स्वतः बघा. दोन लक्षणं जुळत नसतील तर ते उत्तर सोडून द्या.

तण ठरलं, आता काढताना

बियांवर जगणारी तणं पावसानंतर किंवा पाणी दिल्यावर, माती वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) असताना, बुडाशी धरून हळू ओढा. कोरड्या मातीत खोड तुटतं आणि मूळ राहतं. अगदी बारीक रोपांसाठी कोरडा, उन्हाचा दिवस बरा: खुरपी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल न घालता फिरवा, रोपं उन्हातच सुकतात. खोल खणायचा मोह टाळा. बऱ्याच तणांचं बारीक बी उजेड मिळाल्यावरच रुजतं आणि खोल खणलं की खालचं बी आपणच वर आणतो. हे बी किती काळ टिकू शकतं? वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी 1879 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मातीत बिया भरलेल्या 20 बाटल्या पुरल्या. 2021 मध्ये त्यांतली एक उघडली, तेव्हा 142 वर्षांनंतरही व्हर्बॅस्कम नावाच्या रानरोपाच्या बिया रुजल्या.

लव्हाळा असेल तर काटेरी फावड्याने 20 सेंटिमीटर खोल माती उचला, फोडा, माळा हाताने वेचा. सगळ्या निघणार नाहीत. राहिलेल्या गाठी फुटल्या की पाती दोन-तीन आठवड्यांत पुन्हा काढा, कारण त्यानंतर नव्या गाठी धरायला लागतात. वाफा रिकामा असेल तर सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा, कडा मातीत दाबा. वरच्या थरातलं बी बरंचसं मरतं, खोल गाठी मात्र वाचतात.

बी किंवा गाठी असलेलं तण कंपोस्टात घालू नका. बी मरायला ढीग आतून 55 अंशांच्या वर काही दिवस राहावा लागतो आणि घरचा छोटा ढीग तेवढा क्वचितच तापतो. फुलण्याआधी काढलेली कोवळी रोपं मात्र खुशाल घाला. गाठी, हरळीचे तुकडे आणि घोळ काळ्या पिशवीत बांधून दोन-तीन आठवडे उन्हात ठेवा, पूर्ण सुकल्या-कुजल्यावर टाका.

मोकळ्या झालेल्या जागेवर पाच ते आठ सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, रोपांच्या बुडापासून चार बोटं लांब ठेवून. जिथून लव्हाळा, हरळी किंवा चांदवेल काढली तिथे एक काडी रोवा आणि 15 दिवसांनी आच्छादन सारून त्याच जागी बघा. पुन्हा कोंब दिसला आणि त्याला बीजपत्रं नसली, तर खाली तुकडा राहिलाय. त्याच काडीपाशी, पहिल्यापेक्षा हातभर रुंद खणा.